आवर

डॉक्टर रेनी कागदावर एक गोल काढतात,
गोलाच्या कडेला बारकी बारकी दारं.
पेशीला थोपवणारा निरोप इथून आत जातो, म्हणतात,
आणि माझ्याकडे बघतात, कळतंय ना.
खिडकीबाहेर टे नदी, तिच्यावरचा लांबच लांब पूल,
डंडीतला डिसेंबरचा, दुपारी साडेतीनचा अंधार.

कळतंय, पण इंग्रजीत.
आईला फोनवर सांगायचंय, मिरजेला,
तिथे 'इन्हिबिशन' म्हणून भागणार नाही.
बसमध्ये शब्द चाचपत बसते.
दमन? ते पोलिसांचं.
अटकाव? तो रस्त्याचा.
संयम तर साधूंचा, दहा वर्षांच्या पोराला काय करायचाय.

मग सापडतो. तोंडातच होता की.
आवर.
निषाद, आवर लवकर, शाळेची बस येईल.
तुझा पसारा आवर.
आवर ते हसणं, जेवताना ठसका लागेल.
दिवसातून पन्नासदा म्हणायचे,
आणि डोक्याच्या आत कुणीतरी पेशीपेशीला
हेच म्हणत असतं, मी झोपल्यावरही,
हे ठाऊक नव्हतं.
त्या बोलण्याच्या जिवावर
एक मूल चमचा न सांडता तोंडाकडे नेतं.

गेल्या जानेवारीत एकेचाळीस मिनिटं ते बोलणं पोचलं नाही.

स्वयंपाकघराची फरशी.
उशाला शाळेचा स्वेटर.
कुकर शिट्ट्या देत राहिला, कुणी मोजल्या नाहीत.
फोनवरची बाई: कुशीवर वळवा, घड्याळ बघत राहा.
मायक्रोवेव्हवर हिरवे आकडे. सहा बारा. सहा सतरा.
हिलटाउनच्या चढावर बर्फ, ॲम्ब्युलन्स खालीच घसरत होती,
शेवटी कॅलम नावाचा मुलगा बॅग घेऊन पळत वर आला.
एक औषध दिलं. दुसरं दिलं.
सहा त्रेपन्न.

औषध लगेच का लागू पडलं नाही,
हे विचारायला मला अकरा महिने लागले.

रेनीबाई कडेची दारं खोडतात
आणि गोलाच्या आत काढतात.
फिट लांबली की पेशी दारं आत ओढून घेते.
औषध अंगणात उभं,
कडी वाजवायला दार नाही.
पुढे काही दारं परत येतात, म्हणाल्या,
पण घडण बदललेली.
थोपवणाऱ्या काही पेशी मेल्याही असतील,
किती, ते स्कॅन सांगत नाही.
शिवाय आतल्या मिठाचं गणित बिघडतं,
मग 'थांब' म्हटलेलं 'चल' असं ऐकू येऊ शकतं.

इथे मी हसले.
त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला.
कसं सांगू, एवढं एकच मला घरचं वाटलं होतं,
पोराला थांब म्हणावं आणि त्यानं पळत सुटावं.

आई फोनवर सगळं ऐकून घेते.
तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात होती ती.
म्हणजे, म्हणते, सगळ्या लाइनी एकदम बोलायला लागल्या
आणि बोर्डावर कुणीच नव्हतं.
हो आई.
मग थोडा वेळ गप्प.
आमच्याकडे शेवंता म्हणून होती.
पुराच्या रात्री बारा तास एकटी बोर्डावर.
पुढे नोकरी केली तिनं नीट, लग्नही झालं,
पण साधी रिंग वाजली तरी दचकायची.
बोर्ड नवा आला, तरी दचकायची.
आणि मग लगेच: निषाद जेवला का?

जेवला.
त्यानंतर चारदा फिट आली त्याला, लहान, मिनिटाच्या आतली.
हिंगाच्या डबीशेजारी आता एक सिरिंज असते,
गालात सोडायची, पाच मिनिटं झाली की. आधी नाही, नंतर तर नाहीच.
मला अंधारात सेकंद मोजता येतात.
जाहिरातीतलं कुत्रं हरवलं की तो रडतो,
जाहिरात संपते, रडणं संपत नाही.
हे त्या जानेवारीमुळे की तो मुळातच असा,
मला आठवेनासं झालंय.

सकाळी जिन्यावरून ओरडतो, आवरलं!
बघते तर शर्टाचं एक बटण चुकलेलं,
म्हणून खालची सगळीच चुकलेली.
मी ती सोडते, वरपासून पुन्हा लावत जाते.
तो हलतो. हलू नको, म्हणते. अजून हलतो.
बस यायला पाच मिनिटं आहेत.